खालून न दिसणारा कोपरा

१२ मार्च

प्रिय छोट्या,

पन्नाशीच्या पाळकाला कुणी छोट्या म्हणू नये, असं तुझी बायको मला मागेही म्हणाली होती. पण तुझ्या नाकाला पदर लावून ‘शिंकर’ म्हणणारी मी, मला आता नवीन नाव कुठून सुचणार?

तुझी गाडी सुटली आणि मी घरी आले. कुलूप उघडून आत जायला पाय होईना, म्हणून जिन्यातच बसून राहिले. माझ्या लेकाची, लंबूची रंगाची पँट अजून दारामागच्या खिळ्यावर आहे. तिच्यावर इतके रंग चढलेत की काढून ठेवली तर एकटी उभी राहील. शेजारचे म्हणतात, ती आवरून ठेव, डोळ्यांपुढे नको. मी हो म्हणते आणि ती तिथेच राहते.

कामावर जायला लागले आहे. शिवणखोलीच्या मोठ्या बाईंनी रजा घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, घरी बसून काय करू, त्याच्या चपला बघत बसू? हॉस्पिटलच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत. रोज गठ्ठा येतो, रोज ठिगळं लावायची, कडा दुमडायच्या. मशीन चालू असलं की डोक्यातला आवाज जरा दबतो.

काल मुकादम आला होता. तू त्याला दफनाच्या वेळी पाहिलंस, आमच्याच मंडळीत, उपासनेला मागच्या बाकावर बसतो, जाड भिवयांचा. लंबूच्या रंगाऱ्यांच्या टोळीचा मुकादम. लंबू परांचीवरून पडला तेव्हा खाली तोच उभा होता. काल बरोबर त्याची बायकोही होती. घरात तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी आणि त्यांच्या घरचे बसलेले. हा माणूस दारात उभा राहून टोपी पिळत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बाई, मला क्षमा करा.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले, पेल्यात पाणी आणलं आणि म्हटलं, “बसा. पाणी घ्या.” तो थोडं प्याला, थोडं शर्टावर सांडलं आणि न बसताच गेला. सेक्रेटरींची बायको डोळे पुसू लागली. झालं ते एवढंच.

तू लंबूला बाप्तिस्मा दिलास आणि तूच त्याला मातीही दिलीस. त्या दिवशी तुझा आवाज एकदाही कापला नाही. तेव्हा मला त्याचा आधार वाटला, आता काळजी वाटते. रडलास का? खरं लिही.

तुझी ताई


२० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. आणि आता रागावू नकोस, रविवारच्या उपासनेत संदेशाच्या शेवटी व्यासपीठावरूनही वाचलं. सगळं नाही. फक्त मुकादम दारात आला आणि तू पाणी दिलंस तो भाग.

ताई, तू इथे असायला हवी होतीस. लाकडाच्या वखारीवाले दोघे भाऊ तुला आठवत असतील, एका घराच्या दोन दारांनी ये-जा करायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. उपासना संपल्यावर धाकटा मोठ्याच्या समोर जाऊन उभा राहिला. नुसता त्याची छत्री धरून उभा राहिला. मी इतकी वर्षं क्षमेवर बोलतोय, त्या दोघांच्या कानांवर ओरखडाही उठला नव्हता. आणि तुझ्या एका पेलाभर पाण्यानं ते केलं. तू क्षमेचा शब्दही न उच्चारता त्या माणसाला क्षमा केलीस.

मला आश्चर्य वाटलं नाही, हेही खरं. मी मंडळीला तुझी गोष्ट सांगितली. लहानपणी माझ्या हातात झाडू दिलास की तू खोलीच्या मधोमध बघायचीच नाहीस. मागून एकच आवाज यायचा, “कोपरे!” मी म्हणायचो, कपाटामागे कोण बघतंय. तू म्हणायचीस, ज्याला बघायचं तो बघतोय. मी रडत रडत कपाट सरकवायचो. लंबूलाही तू तसंच वाढवलंस. तो चार वर्षांचा असताना माझ्याकडे आला होता, जेवणानंतर ताटलीची कड बोटानं पुसत मला म्हणाला, “मामा, कोपरे!” गोल ताटलीला कसले कोपरे, पण शिकवण पक्की होती. चारचौघांत उठून दिसणारं मोठं काम कुणीही करेल, कुणी बघत नाही तिथे जो नीट वागतो तो प्रभूचा माणूस, असं मी सांगितलं आणि हे मला धर्मशास्त्राच्या शाळेत नाही, ताईकडे कळलं, असंही सांगितलं.

माझं ठीक आहे. लग्नं, आजारी माणसं, छपराची दुरुस्ती, काम भरपूर आहे. माझी काळजी करू नकोस.

तुझा छोट्या


३ एप्रिल

पाळकसाहेब,

तुम्ही मला प्रसिद्ध केलंत, आभारी आहे. तुमच्या महिला मंडळानं पार्सल पाठवलं. आत चौकटीत बसवलेलं भरतकाम, निळ्या फुलांच्या वेलीत ‘क्षमाशील माता’ अशी अक्षरं. फुलांचे टाके सैल आहेत आणि मागे गाठी तशाच सोडल्यात. ते कपाटावर उलटं ठेवलं आहे. आमच्या मंडळीतही तुमच्या संदेशाची बातमी पोचली. भाजीच्या दुकानात एका बाईनं माझा हात धरला आणि सोडेचना. मुकादमाची बायको आता मला बघून हसते. सगळ्यांनी मिळून मला माळ्यावर चढवलं आणि शिडी काढून नेली. मी आता खाली कशी येऊ?

छोट्या, मी तुला काय लिहिलं होतं? पाणी दिलं, असं लिहिलं होतं. पाणी म्हणजे पाणी. चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, दारात माणूस उभा होता, आणि मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. आईनं दारात आलेल्याला पाणी द्यायला शिकवलं, म्हणून हात आपोआप माठाकडे गेला. माझं मन त्या हाताबरोबर गेलं नव्हतं.

आता बाकीचं ऐक. तो गेल्यावर तो पेला मी धुतला नाही. मागच्या दारी पायरीवर नेऊन ठेवला, तो अजून तिथेच आहे. त्यात कचरा पडला, एकदा चिमणी येऊन बसली. आत आणायला हात जात नाही. मुकादम रस्त्यात दिसला तर मी समोर जे दुकान असेल त्यात शिरते. परवा त्या नादात दाढीच्या सामानाच्या दुकानात शिरले आणि दुकानदारानं काय हवं विचारल्यावर उगाच एक ब्रश घेऊन आले. उपासनेत तो मागे बसलेला असतो आणि माझी पाठ भाजते. त्याचे दोन्ही मुलगे त्याच्या दोन बाजूंना बसतात. ते जिवंत आहेत, खोकतात, गाण्याचं पुस्तक खाली पाडतात, ते मला सहन होत नाही. देवासमोर बसून मी असले विचार करते. मी त्याला क्षमा केलेली नाही.

हे वाचून दाखव येत्या रविवारी.

ताई

आणि रडलास का, याचं उत्तर तू दिलं नाहीस. छपराची दुरुस्ती हे उत्तर नाही.


११ एप्रिल

प्रिय ताई,

चुकलो. तुला विचारल्याशिवाय वाचायला नको होतं. यापुढे तुझी पत्रं माझ्या टेबलाबाहेर जाणार नाहीत.

पण तू स्वतःवर फार कठोर होतेस. हा तुझा जुना स्वभाव आहे, स्वतःच्या चांगुलपणाला नेहमी कमी लेखायचं. क्षमा म्हणजे मनात येणारी भावना नव्हे, तो एक निश्चय असतो. तुझ्या हातानं तो केला, मन हळूहळू मागून येईल. त्या पेल्याचं मनावर घेऊ नकोस. ज्याला आपला राग दिसतो आणि टोचतो, त्यानं अर्धी वाट चाललेलीच असते. मी रोज सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

लंबूचा फोटो माझ्या टेबलावर होता, तो हिनं आत ठेवला आहे. मीच ठेवायला सांगितला. संदेश लिहिताना लक्ष जातं.

लंबूच्या अपघाताच्या चौकशीचं काय झालं?

तुझा छोट्या


२५ एप्रिल

छोट्या,

तुझं ‘निश्चय असतो’ वालं पत्र मिळालं. असली वाक्यं तू मला नको लिहू. ती इतरांना चालतात. मला तू शेंबडा असल्यापासून ओळखतोस.

आता जे लिहिते ते नीट वाच, कारण मला तुझं उत्तर हवंय आणि ते लवकर हवंय.

चौकशी पुढच्या महिन्यात पुरी होईल. लंबूचा कमरेचा सुरक्षेचा पट्टा वर परांचीच्या बांबूला लटकलेला सापडला. म्हणून ठपका मुकादमावर आहे. त्यानं माणूस बांधलेला आहे की नाही ते पाहिलं नाही, असं. टोळीतली बाकीची माणसं त्या वेळी इमारतीच्या पलीकडच्या अंगाला होती, तेव्हा पाहणारा मुकादम एकटाच. त्याला कामावरून काढणार आणि पुन्हा कुठे मुकादम म्हणून उभं करणार नाहीत. टोळीतली पोरं हे मला खुशखबर दिल्यासारखं सांगून गेली. त्यांनी त्यांच्या सामानाच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आमचा सावध गडी लंबू.’ मला मुद्दाम नेऊन दाखवलं. अक्षरं सुरेख काढली आहेत. मी ‘सावध’ या शब्दापुढेच उभी राहिले.

कारण लंबू सावध नव्हता, छोट्या. मला ठाऊक आहे. जेवताना तोच सांगायचा. पट्ट्याची दोरी आखूड पडते, हात पोचत नाही, मग जरा वेळ सोडतो आणि पुन्हा लावतो, कुणाला कळत पण नाही. मी हातातली कात्री त्याच्यावर रोखून म्हटलं, पुन्हा सोडलास तर तुझे कान कापीन. तर त्यानं मला कात्रीसकट उचललं, छताला डोकं लागेपर्यंत. म्हणाला, “बघ, तुला तरी पट्टा आहे का?” मला हसू आलं. मग ते तिथेच राहिलं.

तो नीट बांधून वर गेला असणार आणि वर जाऊन सोडला असणार. हे मी सांगितलं तर मुकादम सुटेल. नाही सांगितलं तर लंबू सावध गडी राहील. त्याच्यामागे मला दुसरं काय उरलंय? एक पँट आणि त्याचं चांगलं नाव.

आणि तो मुकादम! चौकशीत तोंडच उघडत नाही म्हणे, मान खाली घालून बसतो. त्याचाच मला जास्त राग येतो. मनात काही नसतं तर माणूस गप्प बसेल का?

सांग मला, काय करू. पाळक म्हणून सांगू नकोस. मामा म्हणून सांग.

ताई


३० एप्रिल

ताई,

मामा म्हणून विचारलंस, मामा म्हणून लिहितो. गप्प रहा.

तुला कुणी बोलावलेलं नाही, कुणी काही विचारलेलं नाही. तू त्या दिवशी तिथे नव्हतीस. तू पाहिलेलं नाहीस, नुसता अंदाज करते आहेस. जेवताना पोरगं बढाया मारतं, त्याची साक्ष होत नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि माणूस बांधलेला आहे की नाही ते बघणं हेच त्या मुकादमाचं काम होतं. त्यानं ते केलं नाही, हे तर खरंच आहे ना?

लंबू आता उठून स्वतःची बाजू सांगू शकत नाही. त्याच्या आईनंच उठून त्याच्यावर बोट दाखवायचं? लोक काय म्हणतील ते तू सोसशील, पण तो निष्काळजी होता म्हणून मेला असं कागदावर कायमचं राहील. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ओल्या डोक्याचा तो माझ्या हातात होता, ताई. त्यानं माझा चष्मा ओढला होता आणि सगळी मंडळी हसली होती. त्याच्याबद्दल तसं कागदावर राहिलेलं मला चालणार नाही.

हे पत्र वाचून जाळून टाक.

छोट्या


१९ मे

प्रिय छोट्या,

पत्र जाळलं नाही. त्यात तू खरा सापडलास म्हणून ठेवलं आहे. पण तुझं ऐकलंही नाही.

ते पत्र आलं त्या दिवशी मी शिवणखोलीत चादर दुमडत होते. कोपरा बसत नव्हता. हॉस्पिटलच्या चादरीचा कोपरा गादीखाली जातो, रोग्याला तो कधी दिसत नाही. तरी मी उसवला आणि पुन्हा घातला. तो घालताना मलाच माझा आवाज ऐकू आला. आयुष्यभर मी तुला आणि त्याला ‘कोपरे, कोपरे’ म्हणून हैराण केलं, आणि माझी वेळ आली तेव्हा मी कपाटामागे सगळं ढकलून देणार होते. मग तुझ्या पत्राला मी मनातच उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी चौकशीच्या कचेरीत गेले.

साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. मी उभ्यानेच सांगितलं. माझा मुलगा वर गेल्यावर स्वतः पट्टा सोडत असे, तो मला घरी सांगत असे, मी त्याला रागावले होते आणि नंतर हसले होते. साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, “हे तुम्हाला कुणी सांगायला लावलंय का?” मी म्हटलं, “उलट गप्प बसायला लावलंय, आणि तेही पाळकांनी.” माफ कर, राहवलं नाही.

मग ते म्हणाले, मुकादमानं यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्याला तीनतीनदा विचारलं, पट्टा त्या माणसानं स्वतः सोडला का? त्याचं उत्तर एकच. माणूस माझा होता, जबाबदारी माझी.

बाहेर बाकावर तो बसलेला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. पहिल्यांदाच त्याच्याशी नीट बोलले. विचारलं, “तुम्ही का नाही सांगितलंत?” तो म्हणाला, “पोरगं गेलं बाई. त्याचं नाव तरी तुमच्याकडे राहू दे म्हटलं.” मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं होतं तुला. आणि हा माणूस स्वतःच्या मुलांच्या तोंडचा घास पणाला लावून माझ्या मुलाचं नाव जपत बसला होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. वाटलं नाही. उलट त्याच्या चांगुलपणाचाच राग आला आणि मी तिथून तरातरा निघून आले.

टोळीतली पोरं आता येत नाहीत. त्यांनी भिंतीवरचं ‘सावध’ तेवढं पांढऱ्या रंगानं झाकलं, असं ऐकलं. त्यांचं चुकलं नाही. भाजीच्या दुकानात कुणी हात धरत नाही, तेवढी खरेदी निवांत होते. सेक्रेटरींची बायको मात्र तोंडावर म्हणाली, “आईचं काळीज असं कसं?” काय सांगू तिला? लंबू एकदा पडला तो परांचीवरून, आणि दुसऱ्यांदा मी त्याला पाडला. घरी येऊन ती पँट खिळ्यावरून काढली आणि तोंडात बोळा कोंबावा तशी तोंडावर धरून ओरडले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तिला अजून टर्पेंटाइनचा वास येतो.

मी खरं बोलले म्हणून मला शांती मिळाली असं कुणाला सांगू नकोस. मिळालेली नाही. पेला पायरीवरच आहे.

तुझी ताई


२८ मे

ताई,

रविवारी मी व्यासपीठावर चढलो. पुढ्यात संदेशाचे कागद होते आणि माझा आवाजच फुटेना. लोकांना वाटलं, घसा बसला. कुणीतरी पाणी आणून ठेवलं. तो पेला बघितला आणि मग मी कागद बाजूला ठेवले.

मी त्यांना म्हणालो, मी तुम्हाला माझ्या बहिणीचं पत्र वाचून दाखवलं आणि ते चुकीचं वाचलं. तिनं नुसतं पाणी दिलं होतं, त्या पाण्याची क्षमा मी बनवली, कारण ती गोष्ट लवकर संपावी असं मला वाटत होतं. तिनं क्षमा केली म्हणजे दुःख संपलं, आणि मग मला माझ्या भाच्याकडे बघावं लागणार नाही. तिनं मला लिहिलं, माझं मन कडू आहे, तर मी तिला तिच्या नम्रतेबद्दल शाबासकी दिली. आणि जेव्हा तिनं खरोखर मला विचारलं, खरं सांगू का, तेव्हा तुमच्या या पाळकानं तिला गप्प बसायला सांगितलं. ती माझ्याशिवाय गेली आणि बोलली. तुम्हाला उदाहरण हवं असेल तर हे घ्या, पण त्यात कुणाच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी येणार नाही.

पुढे काय बोललो ते आठवत नाही. लंबूनं माझा चष्मा ओढला होता, ते सांगायला गेलो आणि तिथेच कोसळलो. वखारीवाल्या दोघांनी मला दोन बाजूंनी धरून खाली आणलं. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना हे आवडलं नाही, पाळकानं असं करू नये म्हणतात. हिनं घरी आल्यावर लंबूचा फोटो पुन्हा टेबलावर ठेवला.

तू मला मार्चपासून विचारत होतीस, रडलास का. हो ताई. आता थांबत नाही.

छोट्या


१४ जून

प्रिय छोट्या,

तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. शेंबडा होतास तेव्हाही तू असाच उशिरा रडायचास, पडल्यावर आधी इकडेतिकडे बघायचास. ये माझ्याकडे, जमेल तेव्हा. दोघं मिळून रडू.

काल मुकादम आला, एकटाच. त्याला काम परत मिळालं, ते सांगायला. दारातच उभा होता. मी म्हटलं, आत या. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि दारामागच्या पँटकडे बघत राहिला. क्षमेचं तोही बोलला नाही, मीही नाही.

मग मी त्याला ते विचारलं, जे मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मला त्याचा नुसता राग येतो. तसं नव्हतं. माझ्या मुलाचं शेवटचं बोलणं त्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं, हे मला जाळत होतं. मी म्हटलं, “लंबू शेवटी काय बोलला?”

तो म्हणाला, “ते नका विचारू बाई.”

मी म्हटलं, “मी माझं खरं सगळ्यांसमोर सांगून आले. आता तुमचं तुम्ही सांगा.”

तो टोपी पिळायला लागला. त्याची ती सवयच आहे. मग सांगितलं. लंबू सज्ज्याच्या खालची बाजू रंगवत होता. भिंत झाली, सज्जा झाला, अगदी आतला एक कोपरा राहिला. दोरी तिथवर पोचेना. यानं खालून ओरडून सांगितलं, “लंबू, पट्टा सोडू नकोस! राहू दे तो कोपरा, खालून कुणाला दिसतोय!” लंबू वरून हसला आणि ओरडला, “राहू दिला तर आई कान कापेल! कोपरे, मुकादम, कोपरे!” आणि हात लांब केला.

छोट्या, हे तो लपवत होता. लंबूचं नाव जपत नव्हता तो, मला जपत होता. साहेबांपुढे पट्ट्याचं सांगितलं असतं तर पुढे का सोडला तेही सांगावं लागलं असतं आणि ते माझ्या कानावर आलं असतं. म्हणून मान खाली घालून बसला. मी दाढीचे ब्रश विकत घेत फिरत होते तेव्हा हा माणूस माझा शब्द पोटात घेऊन हिंडत होता.

रडणारा तोच होता. मग मी उठले. घरात पेले होते. मी मागच्या दारी गेले आणि पायरीवरचा तो पेला उचलला, नळाखाली धरला, राखेनं घासला, तळाशी चिकटलेलं नखानं काढलं. पाणी भरून त्याला दिलं. या वेळी कुणी बघायला नव्हतं. त्यानं सगळं पाणी संपवलं आणि पेला मी आत, फळीवर ठेवला.

जाताना त्यानं विचारलं, तो कोपरा अजून तसाच आहे. इमारतीच्या मालकांनी काही म्हटलेलं नाही, खालून दिसतच नाही. ठेवू का तसाच? मी म्हटलं, “नाही. पुरा करा. पण बांधून घ्या.”

आज सकाळी मी कामावर जायच्या आधी तिथे गेले. तो स्वतः चढला, लांब दोरी लावून. मुलगे खाली उभे होते, दोघेही. मोठ्यानं माझ्यासाठी खोकं पालथं घातलं, बसा म्हणाला, मी बसले नाही. मुकादम वर फार वेळ होता. एवढ्याशा जागेला इतका वेळ लागत नाही, हे मलाही कळतं.

तुला एक विचारायचं आहे. मी ते चुकीचं शिकवलं का रे? पाळक म्हणून नको, मामा म्हणूनही नको. कपाट सरकवणारा छोट्या म्हणून सांग. आणि उत्तर नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही.

तो उतरला आणि त्यानं मला मान हलवून सांगितलं, झालं. मी खाली सगळीकडून फिरून बघितलं, पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बघितलं. तो कोपरा कुठूनच दिसत नाही. तरी मी मान वर करून उभी राहिले, शिवणखोलीचा भोंगा वाजेपर्यंत.

तुझी ताई